जुन्या वेळेने अकरा वाजता

थेबर्टनच्या त्या गल्लीत डल्सी पेंगिलीविषयी दोन गोष्टी वर्षानुवर्षे बोलल्या जात. पहिली, तिने घरी भाजलेली मांस-बटाट्याची पेस्टी हातात घेण्यापूर्वी तिने हात धुतले आहेत का, हे विचारून घ्यावे. दुसरी, सबंध अ‍ॅडलेडमध्ये ही एकच बाई अशी आहे, जिला उंदरांना उपाशी ठेवण्याचा पगार मिळतो. दोन्ही गोष्टी तिच्या तोंडावरच बोलल्या जात, आणि बोलणाऱ्यांच्या ताटात पेस्टीचा तुकडाही उरत नसे, हे तितकेच खरे.

शेजारची बेरिल तर रोज संध्याकाळी कुंपणाच्या पत्र्यावर कोपरे टेकून तिची हजेरीच घेई.

"काय गं डल्सी, आज किती जणांना उपाशी मारलंस?"

"आठ. आठही तुझ्यापेक्षा बऱ्या तब्येतीत आहेत."

"त्या औषधाची चिमूटभर पूड आण ना माझ्यासाठी. केक दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. तेवढा थांबला तरी पुष्कळ."

"औषध टोचलं की उंदीर तासभर कमी खातो, आणि नंतर दिवसभरात सगळं भरून काढतो. तू मधला तास गाळून थेट भरूनच काढतेस. तुला औषध कशाला हवं?"

बेरिल हसे आणि डल्सी दोरीवरचे कपडे काढू लागे. कोणी आपल्या कामाची टिंगल केली म्हणून तिला वाईट वाटल्याचे कोणाला आठवत नाही. मात्र ते काम तिने नीट केले नाही असे कोणी म्हणाले असते, तर काय झाले असते हेही कोणाला ठाऊक नव्हते; कारण सतरा वर्षांत तसे कोणी म्हटले नव्हते.

डल्सी मूळची माउंट कंपास या खेड्यातली. वडिलांच्या पन्नास गायी होत्या. दहाव्या वर्षापासून प्रत्येक गायीचे दूध काट्याला टांगून तोलायचे आणि पाटीवर मांडायचे, हे काम तिच्याकडे होते. काटा स्थिर होण्याआधी आकडा वाचला की वडील म्हणत, "गाय खोटं बोलत नाही, तू कशाला बोलतेस?" चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे क्लॅरी पेंगिली या बसचालकाशी लग्न होऊन ती शहरात आली. क्लॅरी लवकर गेला. त्यानंतर एकोणीसशे एकसष्ट साली, जनावरांची सवय असलेली बाई हवी, अशी विद्यापीठाची जाहिरात वाचून ती प्राणिगृहात गेली. मुलाखत घेणाऱ्याने विचारले, उंदरांची भीती वाटते का? ती म्हणाली, "दोनशे किलोच्या गोऱ्ह्याला दावं लावलंय मी. उंदराला फक्त नाव विचारावं लागेल."

प्राणिगृह तळघरात होते. तिथल्या एका खोलीत रात्री दिवे जळत आणि दिवसा अंधार असे. उंदीर रात्री खातो आणि माणसाला पगार दिवसाचा मिळतो, म्हणून उंदरांचीच रात्र दिवसा आणलेली होती. व्हरांड्यातल्या पत्र्याच्या पेटीत दिव्यांचे यंत्र होते. सकाळी बरोबर अकरा वाजता ते खोलीतले दिवे बंद करी. उंदरांची सांज होई आणि डल्सी तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात स्टुलावर बसून त्यांची जेवणे पाही.

तिचे वरिष्ठ डॉ. हेडली मॉरो यांचा प्रश्न, सोप्या शब्दांत सांगायचा तर, असा होता. मेंदूत सेरोटोनिन नावाचे एक रसायन असते. त्याचा जोर वाढवणारी काही औषधे दिली की जनावर कमी खाते. पण कमी खाते म्हणजे काय? त्याची भूकच मरते, की पोट लवकर भरल्यासारखे वाटते, की औषधाने ते आजारीच पडते? पहिल्या दिवशी डॉक्टरांनी हा प्रश्न फळ्यावर खडूने मांडला, तेव्हा डल्सी म्हणाली होती, "ते तर बघून कळतं."

"कसं?"

"पोट भरलेला उंदीर आधी तोंड धुतो. मग अंग चाटतो. मग झोपतो. आजारी उंदीर तोंड धुवत नाही. नुसता पडून राहतो."

डॉक्टरांनी खडू खाली ठेवला. त्या दिवसापासून डल्सीच्या हाती कागद आणि पेन्सिल आली. दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक पिंजऱ्यापुढे एक खूण: खातो, धुतो, झोपतो. एकूण उंदीर चोवीस. रोज त्यांतले आठ, तासभर. औषधाचा बेताचा डोस मिळालेला उंदीर थोडे खाऊन तोंड धुवायला लागे आणि शहाण्या माणसासारखा झोपी जाई. डॉक्टरांची सारी आशा या एका शहाणपणावर होती.

कामाचा एक नियम कडक होता. ज्याला औषध ठाऊक, त्याने उंदीर पाहायचे नाहीत; जो उंदीर पाहतो, त्याला औषध ठाऊक असता कामा नये. सुया भरणाऱ्याने त्यांवर फक्त अक्षरे लिहायची. कोणते अक्षर साध्या पाण्याचे आणि कोणते किती औषधाचे, हे डॉक्टरांच्या खणात बंद. म्हणून सुया टोचणारी व्यक्ती साडेदहाला येऊन आपले काम करून निघून जाई, आणि डल्सी अकराला येई. त्या वेळात दोघींनी एकमेकींना तोंड दाखवायचे नाही. डल्सी तेवढा वेळ शेजारच्या खोलीत वाट्या तोलत बसे. खाद्य भिजवून मऊ केलेले असल्यामुळे ते वाळून हलके होते. म्हणून ती एक भरलेली वाटी रिकाम्या पिंजऱ्यातही ठेवी. तिच्यातून किती पाणी उडाले ते पाहून बाकीच्या आठांतून तेवढे वजा करी. ही युक्ती तिला कोणी शिकवलेली नव्हती.

आता एका सवयीबद्दल सांगणे भाग आहे. सरकारने उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करायचा कायदा केला, तेव्हा पहिल्याच वर्षी विद्यापीठाचा एक कारागीर पत्र्याची ती पेटी उघडायला आला. डल्सीने झाकणावर हात ठेवला. "याला हात लावायचा नाही. उंदरांना कायदा लागू नाही." माउंट कंपासला तिचा भाऊ मर्व्ह अजून जुन्या वेळेनेच गायी पिळत होता; गायीच्या सडाला सरकारची वेळ कळत नाही, हे गायींत वाढलेल्या डल्सीला कोणी सांगावे लागत नव्हते. डॉक्टर हसून बरे म्हणाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात डल्सी क्लॅरीचे खिशातले घड्याळ जुन्या वेळेवर ठेवून एप्रनमध्ये बाळगी, आणि उंदरांचे अकरा म्हणजे बाहेरचे बारा, हे प्राणिगृहात सगळ्यांना ठाऊक झाले.

अठ्ठ्याहत्तर साली जुलैमध्ये सुया टोचायला रोविना नावाची संशोधक आली. सव्वीस वर्षांची, ब्रिस्बेनची, अतिशय हलक्या हाताची. ऑगस्टपासून प्रयोग सुरू झाला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे झाली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, डॉक्टरांनी डल्सीला वर बोलावले.

"बसा, डल्सी."

"उभी बरी आहे. खाली आठ वाट्या धुवायच्या पडल्यात."

टेबलावर तिचे कागद पसरलेले होते. डॉक्टर एक पेन्सिल बोटांत फिरवत होते.

"एका अक्षराचे उंदीर गेले तीन आठवडे जवळजवळ साध्या पाण्याच्या उंदरांइतकं खाताहेत. त्याआधीचे अकरा आठवडे तसं नव्हतं. कुठलं अक्षर ते मी सांगत नाही."

"मी विचारत नाही."

"मला वाटलं, उत्तरेचा गरम वारा सुटलाय, खाद्य वाळत असेल. उडालेलं पाणी उंदराच्या पोटात गेलं असं कागदावर उतरत असेल."

"वाळलं तर आठही वाट्यांत वाळेल. वारा अक्षर बघून सुटत नाही. आणि रिकाम्या पिंजऱ्याची वाटी रोज मांडलेली आहे, उजव्या कोपऱ्यात बघा."

"बघितली. म्हणून वाळण्याचा मुद्दा सोडला." डॉक्टरांनी दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "वेळाही तपासल्या. रोविनाच्या वहीत साडेदहा, तुमच्या वहीत अकरा. रोज. मधली तीस मिनिटं कुठेही हललेली नाहीत. औषध त्याच बाटलीतलं. मग राहिलं काय?"

"मी राहिले."

डॉक्टर अवघडले. "एका पिंजऱ्याची वाटी दुसऱ्याच्या नावावर मांडली जाते, होतं असं कधी कधी. तुम्ही दमला असाल. मी मोठं करत नाही. ते तीन आठवडे काढून टाकू. लेखात एक ओळ घालू: मदतनिसाच्या चुकीमुळे काही नोंदी वगळल्या. नाव नसेल."

"इथं मदतनीस एकच आहे."

"सतरा वर्षांचं चोख काम आहे, डल्सी. एका ओळीनं काय होतंय?"

डल्सीने आपले कागद एकसारखे केले आणि ती म्हणाली, "ती ओळ पुढच्या शुक्रवारपर्यंत लिहू नका."

त्या संध्याकाळी बेरिलला कुंपणापाशी कोणी भेटले नाही. डल्सीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन आठवड्यांच्या नोंदींची नक्कल मांडली होती. तिची खात्री एका साध्या गोष्टीवर होती. ज्या उंदरांनी वजनाने जास्त खाल्ले, त्यांनीच तोंडही उशिरा धुतले होते. वाटीची अदलाबदल झाली असती तर आकडा चुकला असता. पण डोळ्यांपुढचा उंदीर त्या चुकीला साथ देण्यासाठी तोंड धुवायचा थांबला नसता. म्हणजे उंदरांनी खरेच जास्त खाल्ले होते. शुक्रवारी तिने पितळी वजने लावून काटा तपासला. प्रत्येक उंदराच्या कानाची खूण पिंजऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहिली. कुठेच काही सापडेना. चूक सापडली नाही याचा तिला आनंद होत नव्हता. कारण चूक सापडत नाही तोवर ती तिचीच होती.

रविवारी रात्रीच्या जेवणाची भांडी पुसत असताना मर्व्हचा फोन आला. नेहमीसारखा त्याच्या सातला, म्हणजे तिच्या भिंतीवरच्या आठला.

"डोकं फिरवलंय आज एकानं," तो म्हणाला. "दुधाच्या टँकरवर नवा माणूस आलाय. सकाळी येऊन दारात उभा. इकडं निम्म्या गायींना यंत्रसुद्धा लागलेलं नाही. म्हणतो, माझ्या वहीत साडेसात लिहिलंय. मी म्हटलं, बाबा, माझ्या वहीतही साडेसातच लिहिलंय. दोघं एकमेकांना वही दाखवत उभे. बघणाऱ्याला वाटलं असेल, शाळेतली पोरं आहेत."

"मग?"

"मग काय, तासभर बसवून चहा पाजला. चार लॅमिंग्टन केक खाल्ले गड्यानं, शिवाय बायकोनं पाचवा बांधून दिला. गायींची वेळ म्हणजे जुनी वेळ, हे इथं कुणालाही विचार."

"त्याला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठाऊक आहे." डल्सीने हातातली ताटली खाली ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "डल्स? आहेस का तिकडं?"

"आहे. तो माणूस कुठला?"

"वर क्वीन्सलँडचा कुठला तरी. तिकडं घड्याळं पुढे करत नाहीत म्हणे. का?"

"काही नाही. वहिनीला सांग, लॅमिंग्टन वाया गेले नाहीत."

सोमवारी सकाळी डल्सी व्हरांड्यात, जिथून खोलीचे दार दिसते पण आतले काही दिसत नाही, अशा ठिकाणी उभी राहिली. रोविना रिकाम्या सुयांचे ताट घेऊन बाहेर आली. डल्सीने एप्रनमधून घड्याळ काढले. नऊ वाजून बत्तीस मिनिटे झाली होती. उंदरांची सांज व्हायला अजून जवळजवळ दीड तास होता. औषध अर्ध्या तासाऐवजी दीड तास आधी दिले जात होते, आणि उंदीर जेवायला बसेपर्यंत त्याचा जोर ओसरत होता. दोन्ही वह्या आपापल्या घड्याळाप्रमाणे खऱ्या होत्या. म्हणूनच त्या शेजारी ठेवून कोणालाही काही दिसत नव्हते.

"रोविना," ती म्हणाली, "ब्रिस्बेनला उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात का?"

"छे, आमच्याकडे नाही ती भानगड. इथंच पहिल्यांदा केलं. का, मिसेस पी? चुकलं का माझं? मी तर आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं, विसरू नये म्हणून."

"तुझं नाही चुकलं."

डल्सीने क्लॅरीचे घड्याळ तिच्या मनगटाशेजारी धरले. रोविनाने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले, आणि ती खाद्याच्या पोत्यावर बसली.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "देवा. तीन आठवडे मी झोपेतल्या उंदरांना टोचत होते."

"झोपेतल्या नाही. त्यांची दुपार होती."

रोविना हुशार मुलगी होती, आणि डल्सीवर तिचा जीव होता. ती हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगायलाच हवं का? उद्यापासून मी साडेअकराला टोचते. डॉक्टर ते तीन आठवडे तसेही फेकून देणार आहेत."

"फेकणार आहेत ते मी वाट्या बदलल्या म्हणून."

"मग दिव्यांचं यंत्र बिघडलं होतं असं म्हणू. यंत्राला काय फरक पडतो?"

"ते यंत्र मी येण्याच्याही आधीपासून चालतंय, एकदाही बिघडलेलं नाही. त्याच्यावर कशाला ढकलायचं? ते तर बोलूही शकत नाही."

"पण मिसेस पी, मग चूक तुमच्यावर येईल. तुम्ही मला सांगितलं नव्हतं म्हणून."

"येईल ना," डल्सी म्हणाली. "माझीच आहे."

हे म्हणायला सोपे होते असे नाही. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबली, असे रोविनाने नंतर सांगितले. चार दिवस ती स्वतःची चूक नाही हे सिद्ध करण्यासाठी धडपडत होती; आता हातात पुरावा होता, आणि पुरावा म्हणत होता की चूक तिचीच आहे, फक्त दुसरी. वजने तिने चोख केली होती. पण नव्या माणसाला उंदरांची वेळ वेगळी आहे, एवढे चार शब्द सांगायचे ती विसरली नव्हती. सांगायची गरजच तिला वाटली नव्हती. आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक, हे गावातले गृहीत तिने अ‍ॅडलेडच्या तळघरात आणून ठेवले होते.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. दोन वह्या पुन्हा शेजारी ठेवल्या, आणि त्यांच्यामध्ये डल्सीचे घड्याळ.

"म्हणजे दोघींच्याही वह्या बरोबर," ते म्हणाले.

"वह्या बरोबर आहेत. माणूस चुकलं."

"हे खरं असेल तर पुन्हा करून दिसलं पाहिजे."

"तेच सांगायला आले. करून बघा. मला दिवस सांगू नका."

पुढचे दोन आठवडे तसे करून पाहिले. कधी अर्धा तास आधी, कधी दीड तास आधी. कोणत्या दिवशी काय, ते डॉक्टर नाणे उडवून ठरवत आणि फक्त रोविनाला सांगत. डल्सी शेजारच्या खोलीत दार लावून बसे आणि बोलावल्यावर येई. तांबड्या उजेडात तिची पेन्सिल चाले. तिसऱ्या दिवसानंतर तिला उंदरांकडे नुसते पाहूनच आजचा दिवस कुठला हे कळू लागले होते, पण ते तिने ना कोणाला सांगितले, ना कागदाला कळू दिले. कळणे वेगळे आणि दिसेल तेवढेच लिहिणे वेगळे, ही शिस्त तिने कोणत्याही वर्गात शिकलेली नव्हती.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी डॉ. मॉरो स्वतः तळघरात उतरले. एरवी ते तिला वर बोलावीत. हातात कागद होता. त्यांनी दारात उभे राहून परवानगी विचारली, जे त्यांनी आजवर कधी केले नव्हते.

"दीड तासाच्या दिवशी जे आलंय, ते त्या तीन आठवड्यांशी ताडलं," ते म्हणाले. "पाव ग्रॅमचाही फरक नाही. डल्सी, मी आयुष्यात पुष्कळ काटे पाहिले. असा नाही पाहिला."

"काटा विद्यापीठाचा आहे," डल्सी म्हणाली. "दारात उभे राहू नका, उजेड आत येतो."

पण त्या संध्याकाळी ती घरी जाताना ट्रेमध्ये बारा पेस्ट्या भाजायच्या, असे ठरवूनच गेली, आणि कुंपणाशी बेरिलला तिने आपण होऊन हाक मारली. ही गोष्ट बेरिलने खाटकाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर आणि बसच्या रांगेत सांगितली. "आमच्या डल्सीला पाव ग्रॅम कळतो," ती म्हणे. एक ग्रॅम म्हणजे किती, हे तिला ठाऊक नसले तरी. हात धुण्याची चौकशी त्या वर्षी नाताळात कोणी केली नाही. खोलीच्या दारावर डल्सीने पुठ्ठ्याची पाटी लावली होती: आत जुनी वेळ आहे, आत जाण्यापूर्वी विचारा. रोविनाने खाली बारीक अक्षरांत लिहिले, ब्रिस्बेनच्या माणसांनी दोनदा विचारा.

जानेवारीत लेखाचा मसुदा टंकून तयार झाला. डॉक्टरांनी एक प्रत डल्सीला दिली. शेवटचे पान बघा, म्हणाले. शेवटच्या पानावर आभार होते, आणि आभारांत तिचे नाव: मिसेस डी. पेंगिली यांच्या अचूक निरीक्षणांवाचून हे काम शक्य नव्हते. तिने चहाचा कप बाजूला सारून ते वाचले. क्लॅरीच्या मृत्यूच्या बातमीत तिचे नाव एकदा छापून आले होते. त्यानंतर आत्ताच.

बेरिल खांद्यावरून डोकावली. "हे परदेशातही वाचतील?"

"लंडनला जाणार आहे म्हणे."

"चौकट करून लाव. नाही लावलीस तर मी लावते, माझ्या भिंतीवर."

पण डल्सी आधीची पाने उलटू लागली होती. तिला वाचायला वेळ लागे असे नाही. लेखातले शब्द आडवळणाचे होते, एवढेच. तिसऱ्या पानावर ती थांबली. तिथे लिहिले होते, की औषधाचा प्रभाव किती काळ टिकतो हे तपासण्याच्या हेतूने, प्रयोगाच्या बाराव्या आठवड्यापासून पुढे तीन आठवडे ते अन्नाच्या नव्वद मिनिटे आधी देण्यात आले. तिने ते वाक्य दोनदा वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"आता काय झालं?" बेरिल म्हणाली. "नाव तर बरोबर लिहिलंय."

"नाव बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वाट्या तोलण्याआधी, ती वर गेली. मसुदा तिने डॉक्टरांपुढे तिसऱ्या पानावर उघडून ठेवला आणि त्या वाक्यावर बोट ठेवले. डॉक्टरांनी ते वाचले. वाचण्याची गरज नव्हती, त्यांनीच लिहिले होते.

"हा हेतू कुणाचा होता?" तिने विचारले.

"डल्सी, ते तीन आठवडे वाया गेले नाहीत, हे बघा. औषधाचा जोर दीड तासात ओसरतो, हे आपल्याला त्यांच्यामुळेच कळलं. लेखातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. मदतनिसाच्या चुकीची ओळ मी काढून टाकली. कुणावर काही येत नाही. तुमच्यावरही नाही, रोविनावरही नाही."

"आपण मुद्दाम करून बघितलं ते नंतर. चूक कळल्यावर. हे तीन आठवडे मुद्दाम नव्हते."

"वाचणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो?"

"लंडनमधला कुणी तरी हे वाचून तसंच करायला बसेल. त्याच्याकडेही घड्याळं पुढे करत असतील. त्याला कुणी सांगायचं?"

डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. खिडकीबाहेर कोणी तरी हिरवळीवर पाणी मारत होते. तिकडे पाहतच ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही चूक केलीत असं छापलं, तर त्याच कागदावर तुमच्या अचूकपणाचे आभार मानणं विचित्र दिसेल. आभार ठेवायचे असतील तर हे वाक्य असंच बरं. आणि त्यात खोटं काय आहे, सांगा? नव्वद मिनिटं तर खरीच होती."

डल्सीने मसुदा मिटवला आणि त्यांच्याकडे सरकवला.

"मिनिटं खरी आहेत, डॉक्टर. ठरवून दिली होती, हे खोटं आहे. वजनं बरोबर होती आणि वेळ सांगायची माझ्याकडून राहिली, दोन्ही लिहा. अर्धंच लिहायचं असेल तर माझं नाव काढून टाका."